चिमटे

पहाटे पाचला गठ्ठे येतात. सुतळी कापायची
आणि पेपर टांगायचे दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी,
धुण्यासारखे. शाई तशी ओलीच असते.
थेसालोनिकीत लोक उभ्या उभ्या मथळे वाचतात,
बरेचसे घेत नाहीत काही.
माझी हरकत नाही. हा खोका बापाला मिळाला
युद्धात पाय गेला त्याच्या बदल्यात.
पायाच्या मानानं स्वस्तच पडला सरकारला.

आज दोरीभर मेल्पो कारिदी.
समोरच्या हॉटेलातून रात्री तीनला बाहेर पडली,
एक बूट पायात, दुसरा हातात.
फोटो सगळीकडे एकच.

पहिल्या पेपरात ती 'नशेत'. दुसऱ्यात 'नशेत?'
त्या प्रश्नचिन्हावर म्हणे त्यांच्या वकिलाचं घर चालतं.
तिसऱ्यानं बुटाची किंमत काढली
आणि शेजारी छापला शाळेतल्या बाईंचा पगार.
बिशपांच्या साप्ताहिकानं फोटो टाळला,
वर्णन मात्र असं केलं की फोटो परवडला.
कामगारांच्या पेपराला सापडले
हॉटेलच्या सफाईवाल्यांचे चार महिन्यांचे थकलेले पगार;
ती तिथे एका ओळीपुरती, 'एक अभिनेत्री'.
खेळाच्या पेपराला काळजी एवढीच,
तिचा नवरा रविवारी गोलात उभा राहील का.
ड्रेस दोघांच्या मते हिरवा, एकाच्या मते निळा.

काळा होता.
माझ्या खिडकीशीच आली होती ती.
"पाणी द्या. आणि चिकटपट्ट्या असतील तर."
टाच फाटलेली, रक्त फुटपाथवर.
वीसची नोट ठेवली,
मी सुटे मोजेपर्यंत टॅक्सीत बसून गेलीसुद्धा.

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं,
रेकॉर्डर तोंडाशी धरून आला होता तो.
मी म्हटलं, लंगडत होती.
छापून आलं, 'झोकांड्या खात होती, प्रत्यक्षदर्शी महिलेची माहिती.'
वर माझं वय सात वर्षांनी वाढवलं मेल्यानं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. चष्मा पुसला.
पहिल्या पेपरात तिचा दंड कडेला कापलेला.
दुसऱ्यात दंडावर चार बोटं, रुतलेली.
बोटांमागचं मनगट तिसऱ्यात,
घड्याळ, कफाचं बटण.
आणि खेळाच्या पानात, टायरच्या जाहिरातीला टेकून,
कोपर. जागा भरायची म्हणून राहिलेलं.

मी चिमटे काढले.
पेपर एकमेकांवर सरकवले, पुन्हा लावले.
मापं जुळेनात, मनगट बारीक, कोपर जाड,
तरी हात झाला.
खांद्यापर्यंत आला आणि थांबला.
खांद्याच्या पुढचं कुणीच छापलेलं नाही.
सगळे तिच्या मागे हात धुऊन लागलेले
आणि हा एवढा एक हात, न धुतलेला,
माझ्या दोरीवर वाऱ्यानं हलत होता.

जहाजावरून निवृत्त झालेला केरामिदास आला, रोजच्यासारखा.
घड्याळाकडे पाहिलं त्यानं,
मग वाकून, तळाच्या बारीक टाइपातलं मालकाचं नाव वाचलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
"लायटर द्या," म्हणाला.
रोज पेपर घेतो. आज घेतला नाही.

संध्याकाळी गाडी आली, उरलेले घेऊन गेली.
ड्रायव्हर म्हणाला, आज असे तिरके का लावलेत?
वारा, म्हटलं.

पाण्याचे साठ सेंट, पट्ट्यांचे तीन युरो.
सोळा चाळीस तिचे निघतात माझ्याकडे.
सहा पेपरांत एकानंही विचारलं नाही
तिनं काय विकत घेतलं.
ड्रॉवरमध्ये ठेवलेत, बिशपांच्या साप्ताहिकात गुंडाळून.
त्यांचा कागद जाड असतो.